पानातलं पाणी आणि छातीतली गाठ

हे पान पिकांचं. तरी आज विषय वेगळा आहे. शिवारफेरीत एका शेतकऱ्यानं बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, आता नव्या किरणांनी छातीचा कॅन्सर दिसतो म्हणे. मंडळींच्या छातीत गाठ आहे, पण दुखत नाही. ते मशीन येईपर्यंत थांबलं तर चालंल?”

नाही चालणार. का, ते सांगतो.

या किरणांना टेराहर्ट्झ म्हणतात. सेकंदाला एक लाख कोटी कंपनं झाली की एक टेराहर्ट्झ. क्ष-किरणांसारखा यांचा पेशींना धोका नाही, पण पाणी दिसलं की ते तिथंच शोषले जातात. १९९५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत या किरणांनी चक्क झाडाच्या पानाचं चित्र काढलं. ताजं तोडलेलं पान आणि ४८ तासांनंतरचं तेच पान. कुठं किती पाणी उडालं ते स्पष्ट दिसलं. आपल्याला हे लगेच कळेल, आपण रोज पानंच बघतो.

कॅन्सरच्या गाठीत आसपासच्या चरबीपेक्षा पाणी जास्त असतं, म्हणून ती वेगळी दिसते. २००६ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी २२ स्त्रियांच्या, शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवर हे तपासलं. गाठीचा आकार सूक्ष्मदर्शकाखालच्या आकाराशी चांगला जुळला. मात्र तुकडे कापून काढलेले होते, हे ध्यानात घ्या. आपलं शरीर पाण्यानं भरलेलं, त्यामुळं हे किरण कातडीखाली मिलिमीटरभर गेले तरी पुष्कळ. आतली गाठ बाहेरून त्यांना दिसणार कशी? त्यांचा उपयोग सर्जनला, गाठ पूर्ण निघाली की कडेला काही राहिली ते बघायला. तेही अजून रोजच्या वापरात आलेलं नाही. उद्या कुणी “किरण तपासणी”च्या नावानं पैसे मागत गावात आला तर सरपंचांनी त्याला आधी कागद विचारावेत.

आता आपल्याकडचं काम बघा. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायांवर अभ्यास केला. निम्म्या बायांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष आला: गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या बायांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यू घटल्याचं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

गाठ न दुखणं ही खूण चांगली नव्हे. सुरुवातीला बहुधा ती दुखतच नाही. बोंड आत ओढलं जाणं, रक्त येणं, कातडीला खळी पडणं, यांपैकी काही दिसलं तर पेरणी-काढणी न बघता दवाखाना गाठावा. पुढं सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईची तपासणी काय करायची ते डॉक्टर ठरवतील.

तिशीपुढच्या बायांची ही हाताची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. ग्रामसेवकांनी त्याच दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरना बोलवावं आणि आडोशाची एक खोली मोकळी ठेवावी.