धावा कुठल्या मैदानावरच्या?

देहूरोडहून मुंबईच्या दिशेने निघालं की पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत गहुंजेचं स्टेडियम दिसतं. १५ जानेवारी २०१७ रोजी इथे इंग्लंडने ३५० धावा केल्या आणि त्या कमी पडल्या. ४ बाद ६३ अशी भारताची अवस्था असताना विराट कोहलीला घरच्या मैदानावर खेळणारा केदार जाधव येऊन मिळाला. केदारने ७६ चेंडूंत १२० धावा चोपल्या, कोहलीने १२२ केल्या आणि भारताने ११ चेंडू राखून सामना खिशात घातला. त्यानंतर सव्वा महिन्याने, २३ फेब्रुवारीला, याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी सुरू झाली. भारताचे दोन डाव १०५ आणि १०७ वर आटोपले. पहिल्या डावात शेवटचे सात गडी अवघ्या ११ धावांत गेले.

मैदान तेच होतं, कोहलीही तोच. एकदिवसीय आणि कसोटी यांत फरक असतो हे मान्य, पण एवढा? मोठा फरक होता तो खेळपट्टीचा. आणि नेमका तिचाच हिशेब क्रिकेटच्या धावफलकात कुठेही मांडला जात नाही.

गोल्फमध्ये तो मांडतात. आपल्याकडे गोल्फ म्हणजे साहेबलोकांचा टाइमपास अशी समजूत आहे. पण मैदानाचा गुण आणि खेळाडूचा गुण वेगळे काढण्याच्या बाबतीत हा खेळ क्रिकेटच्या बराच पुढे आहे. गोल्फच्या प्रत्येक मानांकित मैदानाला दोन आकडे चिकटलेले असतात. पहिला कोर्स रेटिंग, म्हणजे निष्णात खेळाडूला तिथे साधारण किती फटके लागावेत याचा अंदाज. दुसरा स्लोप रेटिंग. तेच मैदान सामान्य खेळाडूला निष्णाताच्या तुलनेत किती जास्त छळेल, ते हा आकडा सांगतो. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हे प्रमाण मानतात. डीन क्नूथ या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली.

दोन आकडे कशासाठी? समजा, टीपासून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेपासून, १८० यार्डांपर्यंत ओढा पसरला आहे. मानांकनाच्या हिशेबातला निष्णात खेळाडू पहिला फटका २५० यार्ड मारतो, त्याला ओढा दिसतही नाही. सामान्य खेळाडूचा उत्तम बसलेला फटका २०० यार्ड जातो. जरा चुकला की चेंडू पाण्यात आणि खात्यावर दंडाचा फटका. नुसती लांबी मोजून हे कळत नाही. म्हणून मानांकन करणारे फेअरवेची (मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची) रुंदी, वाळूचे बंकर, झाडं, गवताची उंची, ग्रीनचा (भोकाभोवतीच्या हिरवळीचा) उतार सगळं टिपून ठेवतात.

हिशेब सोपा आहे. फटक्यांतून रेटिंग वजा करायचं आणि उरलेला आकडा ११३ च्या तुलनेत स्लोप किती त्या प्रमाणात कमी-जास्त करायचा. एकाने ७० रेटिंग आणि ११३ स्लोपच्या मैदानावर ९२ फटके घेतले, तर त्याची त्या दिवसाची कामगिरी २२ धरली जाते. दुसऱ्याने ७२.५ रेटिंग आणि १३५ स्लोपच्या मैदानावर ९५ घेतले, तर त्याची भरते १८.८. गोल्फमध्ये आकडा जितका कमी तितका चांगला, म्हणजे ९५ वाला सरस ठरला. शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या उत्तम आठ कामगिऱ्यांच्या सरासरीवरून हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या दर्जाचा आकडा, निघतो.

त्याच मैदानाचा दिवसही सारखा नसतो. पुण्यात तर नाहीच. मे महिन्यात फेअरवे टणक झालेला असतो, चेंडू टप्पा पडून लांब घरंगळतो. जुलैत तोच चेंडू पडल्या जागी चिखलात रुततो आणि पुढच्या फटक्याला दोन नंबर लांब पल्ल्याची क्लब काढावी लागते. येरवड्याच्या पूना क्लबच्या मैदानावर झाडांच्या रांगांमधून वाट काढायची असते. बावधन-लवळे भागातल्या ऑक्सफर्डवर चढ-उतार खेळाडूचा अंदाज चुकवत राहतात. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत याचीही सोय आहे. त्या दिवशी आलेले सगळ्यांचे गुण तपासायचे आणि ते अपेक्षेपेक्षा फारच वेगळे दिसले, तर उणे एक ते अधिक तीनपर्यंत दुरुस्ती करायची.

आता गहुंजेतले कोहलीचे कसोटी डाव पाहा. २०१७ मध्ये ० आणि १३. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४. २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध १ आणि १७. सरासरी ७१.२५! नुसता हा आकडा वाचणाऱ्याला वाटेल, गहुंजे म्हणजे कोहलीचं माहेर. प्रत्यक्षात एकदा पाहुणचार झाला आणि चारदा दारातूनच परत पाठवणी. २०१७ ला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओ'कीफने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत सहा बळी घेतले. २०२४ ला मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि मायदेशातली भारताची सलग १८ मालिका विजयांची साखळी तुटली.

आयसीसी खेळपट्टीला शेरा देते, नाही असं नाही. २०१७ च्या त्या खेळपट्टीला सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी ‘निकृष्ट’ ठरवलं होतं. पण तो शेरा बसतो मैदानाच्या मालकाला. त्याच आखाड्यात स्टीव्ह स्मिथने दुसऱ्या डावात १०९ धावा काढल्या, त्या मात्र धावफलकात पाटा खेळपट्टीवरच्या १०९ इतक्याच मोजल्या गेल्या. त्याचे झेल सुटले होते हे खरं, तरी हा न्याय नव्हे.

यावर क्रिकेटवाल्यांचा आक्षेप ठरलेला आहे. गोल्फमध्ये समोर फक्त मैदान असतं, क्रिकेटमध्ये गोलंदाजही असतो. शिवाय खेळपट्टी पहिल्या दिवशी एक आणि चौथ्या दिवशी दुसरीच. आक्षेपात दम आहे. दशांशापर्यंतचं सूत्र क्रिकेटला जमणार नाही. पण ढोबळ आकडा कुणी अडवला आहे?

त्याची गरज कसोटीपेक्षा खालच्या स्तरावर जास्त आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळला, त्यानंतर या पट्ट्यात बॅट खांद्यावर टाकून निघणाऱ्या पोरांची कमी नाही. कुणी मॅटिंगवर खेळतो, कुणी टर्फवर, कुणी आदल्या रात्री पाऊस झालेल्या ओल्या पट्टीवर. निवडीच्या वेळी कागदावर येतात त्या फक्त धावा. सामना संपल्यावर पंचांनी खेळपट्टीला पाचपैकी गुण द्यावेत आणि ते गुणपत्रिकेत धावांशेजारी लिहावेत, एवढं करायला खर्च काहीच नाही. सुरुवात वयोगटांच्या स्पर्धांपासून, येत्या मोसमातच करता येईल.