पुलावरून दिसते तेवढीच नदी नसते

आजची पोस्ट लांबलचक आहे, सवडीने वाचा. राजकारण नाही असं म्हणणार होतो, पण शेवटी ते आलंच.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, आम्ही दोघं वैतरणेत कॅनू घेऊन गेलो. कॅनू म्हणजे वल्ह्याची, दोन माणसांची हलकी होडी. मित्राची हवा भरायची आहे, घडी घातली की रिक्षात मावते. सोबत तंबू, दोन लाइफ जॅकेट, पाण्याचे कॅन आणि बायकोने दिलेल्या चपात्या. निघताना ती एवढंच म्हणाली, "चाळिशी उलटली आहे, एवढं लक्षात ठेवा."

खरं सांगतो, मला हौस नव्हती. मित्र कामानिमित्त पुण्याला असतो, शनिवार-रविवार कुठल्यातरी धरणात वल्ही मारत बसतो. तो म्हणाला, "तू नालासोपाऱ्यात राहतोस. एका बाजूला वैतरणा, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी. एकदा तरी पाण्यात उतरलास का?" मला उत्तर देता आलं नाही. वीस वर्षं मी या तालुक्याच्या बातम्या लिहितोय. रेती उपशावर लिहिलं, पुरावर लिहिलं, बुडालेल्या पोरांवर तर दर उन्हाळ्यात लिहितो. पण नदी पाहिली ती डहाणू लोकलच्या दारातूनच.

वेळ आम्ही तिथीवरून ठरवली. कोळी मंडळींचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमी म्हणजे आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, आणि ती भांगाची, म्हणजे ओढ कमी. आत खाडीत ती जरा उशिरा पोहोचते. सातच्या सुमाराला खानिवड्याच्या खालच्या अंगाला तानसा नदीत होडी टाकली आणि ओहोटीबरोबर निघालो. पुढे तानसा वैतरणेला मिळते.

पहिला तासभर आम्ही कोणी बोललोच नाही. दोन्ही बाजूंना तिवरं, मधूनच खंड्या, चिखलात खेकड्यांची लगबग. हायवेचा आवाज मागे पडत गेला आणि वल्ह्यावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. फोटो मी टाकत नाहीये. टाकले की पुढच्या रविवारी तिथे काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे.

आता थोडा इतिहास. ही नदी त्र्यंबकेश्वरकडच्या डोंगरात उगम पावते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी चार हिच्या खोऱ्यातले : तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), अप्पर वैतरणा आणि २०१४ साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा. जुन्या काळी खाडीतून गलबतं आत मनोरपर्यंत जायची. आगाशी जहाजबांधणीसाठी नावाजलेली होती. आपलं सोपारा तर शूर्पारक, जगभर नाव असलेलं बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना इथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. म्हणजे आपण मूळचे पाण्यावरचे लोक. आज त्याच सोपाऱ्यातल्या पोराला 'खाडी' म्हटलं की काळा नाला आठवतो.

दुपारी ओहोटी संपत आली तशी होडी चिखलाला लागली. एका पाड्याजवळ उतरायचं ठरवलं. उतरायचं म्हणजे काय, गुडघाभर चिखलातून होडी ओढत न्यायची. वीस पावलं जायला पंधरा मिनिटं लागली. एक चप्पल तिथेच राहिली, ती अजून तिथेच असेल.

काठावर छान सपाट जागा दिसली म्हणून तंबू सोडायला लागलो, तर एक आजी ओरडल्या, "तिकडं नको दादा, रात्री पाणी चढतं." त्यांनी आपल्या अंगणात जागा दिली. संध्याकाळी चूल पेटली, आमच्या शिळ्या चपात्यांना बोयटाचं कालवण मिळालं. गप्पा चालू असताना आजींनी विचारलं, "तुमची गाडी बिघडली का? होडीतून का आलात?"

मित्र म्हणाला, "नाही आजी, हौस म्हणून."

आजी जरा वेळ आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हौस म्हणून? आमची सून बाळंतपणाला होडीतून गेली. रात्री. ओहोटी लागली होती, याच चिखलातून दोघांनी उचलून नेली."

त्यानंतर मला कालवण गोड लागलं नाही. ज्या चिखलाचा मी दिवसभर 'अनुभव' घेत होतो, तो त्यांचा रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी नवमी, भरती पाऊण तास उशिरा. साडेसातला निघालो. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मधले दोन रेल्वे पूल, ९२ आणि ९३ नंबरचे, त्यांच्या मध्ये वाढीव बेट. तिथली माणसं कामाला, शाळेला, दवाखान्याला जायची तर होडीने, नाहीतर रेल्वे पुलावरून चालत. आपण गाडीतून जाताना ती पुलाच्या कडेला अंग चोरून उभी असलेली तुम्हीही पाहिली असतील. आम्ही खालून पाहिली. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, तिच्या मागे दप्तर लावलेला मुलगा, शेजारून धडधडत गाडी. पुराणात मेल्यावर वैतरणी पार करायची असते. इथे ती रोज सकाळी पार करतात, आणि संध्याकाळी परत.

आम्ही पुलाखाली असतानाच वरून एक पिशवी आली. होडीपासून चार-पाच हातांवर पडली, पाणी अंगावर उडालं. निर्माल्य होतं. झेंडूचे हार, सुपारी, फोटोची चौकट, आणि एक नारळ. मित्राने शिवी हासडली. मी गप्प राहिलो. कारण गेल्या वर्षी गणपतीनंतर अशीच पिशवी मी स्वतः लोकलच्या दारातून याच पाण्यात टाकली होती. नमस्कारही केला होता.

२०२५च्या सप्टेंबरात नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या पुलावरून चालत जाणारा पाणजू बेटावरचा एक तरुण, गाडीतून कुणीतरी फेकलेला नारळ डोक्यात लागून गेला. बातमी आपण सगळ्यांनी वाचली, हळहळलो. ज्याने तो नारळ टाकला, त्यानेही बहुतेक हात जोडले असतील. त्याला खाली नदी दिसली, माणूस दिसला नाही. माझंही तेच झालं होतं. फरक एवढाच की माझ्या पिशवीखाली कोणी नव्हतं. नव्हतं ना? मी वळून पाहिलंच नव्हतं.

आता मुद्द्यावर येतो.

हल्ली सगळीकडे जलपर्यटनाची चर्चा आहे. मला त्याचं वावडं नाही, मी स्वतः दोन दिवस मजा करून आलोय. जलवाहतुकीतही काही चांगलं झालं आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. एप्रिल २०२५मध्ये विरारच्या नारंगी-मारंबळपाड्याहून पलीकडे जलसारला रो-रो सुरू झाली. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यातून दीड किलोमीटर. ज्याच्याकडे गाडी आहे त्याची सोय झाली, चांगलंच आहे. पण ज्याच्याकडे गाडी नाही, ज्याच्या दारात पाणी आहे आणि पूल नाही, त्याचं काय?

माझं म्हणणं साधं आहे. नदीवर पहिला हक्क तिच्यावरून रोज ये-जा करणाऱ्याचा, नंतर हौशी माणसाचा. वाढीवच्या लोकांची पुलाची मागणी जुनी आहे, ती आधी. काठावरच्या ज्या पाड्यांचा रस्ता होडी आहे, तिथे ओहोटीतही पाय कोरडा राहील असा धक्का, रात्रीचा दिवा आणि होडीत माणशी एक लाइफ जॅकेट, हे आधी. मे २०२४मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. ती सहलीला निघालेली नव्हती. त्यांचा तो नेहमीचा रस्ता होता. रस्त्यावर हेल्मेटसाठी पावती फाडतो, मग पाण्यावरच्या रस्त्याला वाली का नाही?

काही मित्र म्हणतील, अरे, मग हौशी लोकांना बंदीच घाला, बुडण्यापेक्षा बरं. दर पावसाळ्यात धबधब्यांवर, किनाऱ्यांवर मनाई आदेश निघतात, आम्ही ते छापतो. धोक्याच्या दिवसांत ते हवेतच. पण बंदीने पोहता येत नाही. आपल्या आचोळ्यातली, संतोष भुवनची, पेल्हारची पोरं उन्हाळ्यात खदाणीत उतरतात, कारण पाणी काय असतं हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्यांची बातमी दोन कॉलममध्ये बसते. ती लिहिताना मी दरवेळी 'पोहण्याचा मोह आवरला नाही' असं वाक्य टाकत आलोय. आता टाकणार नाही. मोह होणारच, वय आहे. शिकवायला कोणी नव्हतं, ही खरी बातमी आहे.

दुसरे म्हणतील, पर्यटन आलं की स्थानिकांना रोजगार मिळेल. मिळेल, पण वल्हं कुणाच्या हातात आहे त्यावर ते ठरतं. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७पासून कांदळवनाची सफर घडवतात. होडी त्या स्वतः वल्हवतात, तिवरांची माहिती त्या स्वतः देतात. आवाज करणारं इंजिन नाही. तसं वैतरणेत का नाही होणार? त्या आजींना खाडीचं जे कळतं, ते आमच्या मोबाइलमधल्या नकाशाला कळत नव्हतं. नकाशात ती सपाट जागा जमीन होती. त्यांना ठाऊक होतं की रात्री तिथे पाणी असतं. हे ज्ञान असलेल्या माणसाला मानधन द्यायचं, की त्याच्या काठावर बाहेरच्याचं रिसॉर्ट उठवून त्याला तिथे वॉचमन ठेवायचं, हे आत्ताच ठरवायला हवं. एकदा कुंपण पडलं की कोणी विचारत नाही.

आणि शेवटी आपल्या घरातलं. आचोळ्यात २०२५च्या सुरुवातीपर्यंत न्यायालयाच्या आदेशाने ४१ इमारती पाडल्या. ज्यांचे संसार रस्त्यावर आले त्यांचं दुःख मी जवळून पाहिलं, त्यावर इथे लिहिलंही. पण ती जागा मुळात कशासाठी राखीव होती, आठवतं का? सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी. म्हणजे आपल्या मोरीतलं पाणी जिथे साफ व्हायचं, तिथे घरं विकली गेली, घेणारे फसले, आणि मोरीतलं पाणी जायचं तिथे जातच राहिलं. ते नाल्यातून खाडीत जातं, आणि खाडीत कुणाचं तरी जाळं असतं. आता त्या जागेवर केंद्र कधी उभं राहणार, हा प्रश्न आपण नगरसेवकांना विचारायला हवा. गटाराचं झाकण आणि एलईडी दिवा यांच्या पलीकडे काहीतरी मागायला शिकू या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मारंबळपाड्याच्या बाजूला लागलो. होडीतली हवा सोडली, घडी घातली, रिक्षात टाकली. विरारला लोकल पकडली. मित्र म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा. मी हो म्हटलंय, पण एका अटीवर. त्या आजींच्या पाड्यासाठी चार लाइफ जॅकेट घेऊन जायचे. धक्का बांधणं माझ्या हातात नाही, जॅकेट आहे. ज्यांना हातभार लावायचाय त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. पैसे पाठवू नका, जॅकेटच आणून द्या.

आणि एक विनंती. पुढच्या वेळी गाडी वैतरणेच्या नाहीतर नायगावच्या पुलावर आली आणि हातात निर्माल्याची पिशवी असली, तर ती घरी परत न्या. कुंडीत पुरा. देव रागावणार नाही. नमस्कार करायचा तर रिकाम्या हातांनी करा, आणि जमलं तर खाली वाकून बघा. तिथे कोणीतरी चाललेलं असतं.