न्याहारीच्या आठवणी आणि दोन शिळ्या भाकरी

थंडी पडू लागली की मोबाईलवर एक मजकूर दरवर्षी फिरायला लागतो. 'आठवतात का ते दिवस?' अशी त्याची सुरुवात असते. मग आजीच्या हातचे दडपे पोहे येतात, गुरगुट्या भात आणि मेतकूट येते, साजूक तुपातला शिरा येतो, थालीपिठावरचा लोण्याचा गोळा येतो. शेवटी एक सुस्कारा : किती साधं होतं सगळं! हा मजकूर आता आपल्या पोरांच्या स्टेटसलाही दिसतो. खाली दोन-चार जण हृदयाचे चिन्ह टाकतात आणि पुढे जातात.

कुणाच्या आजीशी आमचे भांडण नाही. ज्याच्या घरी जे शिजले त्याची आठवण त्याला येणारच. आमचा प्रश्न 'साधं' या शब्दाला आहे. तूप आणि लोणी साधे असायला गोठ्यात दुभते जनावर लागते. जनावराला वैरण लागते, वैरणीला शेत लागते. सकाळी सकाळी शिरा परतायला घरात अशी बाई लागते, जिला सात वाजता दुसऱ्याच्या बांधावर खुरपायला जायचे नाही. हे सगळे असलेले घर गावगाड्यात नेमके कुणाचे होते? आणि एका थराचा नाश्ता 'मराठी माणसाचा साधा नाश्ता' कधी झाला?

मागच्या हिवाळ्यात आमच्या अभ्यासवर्गात आम्ही हाच विषय काढला. प्रत्येकाने सांगायचे, लहानपणी सकाळी काय खाल्ले. उत्तरे भराभर आली. चहा आणि शिळी भाकरी. चहात बुडवलेला पाव. तेल-तिखट लावून तव्यावर खरपूस केलेला भाकरीचा तुकडा. चुलीच्या आरावर भाजलेला बोंबील. सुकटीची चटणी. हुलग्याचं माडगं. ज्वारीच्या कण्या. दोघे जण म्हणाले, काहीच नाही, शाळेतल्या खिचडीपर्यंत थांबायचो. एक मुलगी म्हणाली, "आमच्यात नाश्ता हा शब्दच नव्हता. न्याहारी होती, आणि ती आईच्या फडक्यात बांधलेली असायची."

मग कोपऱ्यात बसलेल्या एका ज्येष्ठ ताई बोलल्या. त्या म्हणाल्या, "पोरांनो, शिळी भाकरी शिळी भाकरी म्हणताय, पण कोणती? एक शिळी आपल्या चुलीवरची. रात्री आईनं थापली, उरली, सकाळी खाल्ली. आणि दुसरी शिळी माझ्या सासऱ्याच्या बापानं घोंगडीच्या झोळीत आणलेली. दोन्ही सारख्याच दिसतात. पण एक नाहीत."

वर्गात कुणी बोलेना. आजचा हा लेख त्या एका वाक्यामुळे लिहितो आहोत.

तरुण मित्रांनो, ती दुसरी भाकरी काय होती हे नीट समजून घ्या. महारकीच्या वतनात येसकराची पाळी असे. दिवसभर गावाची पडेल ती कामे करायची. सांगावा पोचवायचा, सरकारी माणसाच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले ढोर ओढायचे. त्या कामाला रोख मजुरी नाही. संध्याकाळी हातात काठी, खांद्यावर घोंगडी घेऊन दारोदार जायचे आणि 'भाकर वाढा माय' म्हणून हाक घालायची. घरातल्यांची जेवणे उरकल्यावर जे उरेल ते वरून, अंग न लागू देता, टाकले जायचे. ज्वारीची, बाजरीची, आंबलेली, विटलेली अशा दहा घरच्या भाकरी एका झोळीत. सकाळी आमच्या खापरपणजीच्या पोरांची न्याहारी ती होती. केलेल्या कामाचा मोबदला भीक म्हणून दिला की देणारा दाता ठरतो आणि राबणारा भिकारी. वतनाची खरी करामत इथे होती.

बाबासाहेबांनी ही करामत ओळखली होती. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी चवदार तळ्याच्या पाण्याइतकाच ताटाचाही प्रश्न मांडला. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी, 1928 मध्ये, त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. एका हाताने झोळी खाली ठेवायला सांगायचे आणि दुसऱ्या हाताने झोळी घ्यायला लावणाऱ्या कायद्यावर घाव घालायचा, असा तो लढा होता. ही कनिष्ठ वतने प्रत्यक्ष रद्द व्हायला 1958 चा कायदा यावा लागला. मधल्या काळात ज्या गावांतल्या लोकांनी भाकर मागणे बंद केले, त्यांच्यावर बहिष्कार पडले, मारहाणी झाल्या, रानात पाय ठेवायची बंदी झाली. आमच्या माणसांनी उपाशी राहून ती भाकरी नाकारली. तेव्हा आमच्या घरातल्या 'साध्या' न्याहारीच्या मागे एक सत्याग्रह आहे. चहाबरोबर खाल्लेला तो तुकडा स्वतःच्या चुलीवरचा आहे, एवढ्या एका गोष्टीसाठी दोन पिढ्या झगडल्या.

इथे एक चलाखी नेहमी केली जाते. 'तुमच्या बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितले होते,' असे आम्हाला ऐकवले जाते. नाही. त्यांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, कारण ते आमच्या गळ्यात जातीचे काम म्हणून बांधलेले होते. कष्टाच्या पैशाने आणलेल्या बोंबलाला, अंड्याला, मटणाला त्यांनी पाप ठरवले नाही. लादलेले अन्न वेगळे आणि निवडलेले अन्न वेगळे. हा फरक पुसून आम्हाला शाकाहाराचे धडे देणाऱ्यांनी आधी महाडचे भाषण वाचावे.

आठवणींचा दुसरा लाडका विषय म्हणजे गावचे जुने हॉटेल. स्टँडासमोरची मिसळ, पितळी बंबातला चहा, लाकडी बाकडी. तेही साधे होते म्हणतात. त्याच हॉटेलच्या बाहेर, कुडाच्या फटीत नाहीतर खिळ्याला, कान तुटलेली एक वेगळी कपबशी असायची. आमच्या आजोबाने ती काढायची, वरून ओतलेला चहा उभ्याने प्यायचा, कप विसळून परत तिथेच ठेवायचा आणि पैसे मात्र सगळ्यांइतकेच द्यायचे. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही असे स्पष्ट लिहावे लागले, ते काय हौस म्हणून? त्या मिसळीच्या आठवणीत आतल्या बाकड्यावरचा माणूस रमतो. बाहेरच्या कपबशीवाल्यालाही ती चव आठवते, पण तिच्याबरोबर आणखी बरेच काही आठवते.

आता उलट बाजू बघू, कारण आपल्याही घरात झाडू मारायला हवा. आपल्यातला शिकलेला, फ्लॅटमध्ये राहायला गेलेला वर्ग दोन टोकांना जातो. एक टोक म्हणजे लपवणे. खिडक्या लावून सुकट भाजायची, ऑफिसच्या डब्यात चपाती-भाजीच न्यायची, पाहुण्यांना 'आम्ही नॉनव्हेज फारसं खात नाही' म्हणायचे. दुसरे टोक म्हणजे मिरवणे. चान्या, वजडी, रक्ती यांचे रील काढायचे, 'आमचं अस्सल फूड' म्हणायचे आणि उपासमारीतून निघालेल्या पदार्थाला महोत्सवाचा स्टॉल करून टाकायचे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त शेणातून वेचून धुतलेल्या ज्वारीची भाकरी आहे. ती कुणी मेन्यूकार्डावर टाकणार आहे का? 1972 च्या दुष्काळात लोकांनी लाल मिलोची भाकरी आणि कामावरची सुकडी खाऊन दिवस काढले. ते चविष्ट होते म्हणून नव्हे, दुसरे काही नव्हते म्हणून.

मग आपली चव, आपले कसब काहीच नाही का? आहे, आणि भरपूर आहे. तेल नसताना भाजीला चव आणणे, अंबाडी, तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावरून ओळखून आणणे, मांस वाळवून महिनोन्महिने टिकवणे, मूठभर हुलग्यात आठ माणसांचे पोट भरणे, हे शास्त्र आहे. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळले की आपल्या आईचे खाणेही पुस्तकात येऊ शकते. पण हे कसब कुणाचे होते? पहाटे जात्यावर बसणारीचे. आणि ती स्वतः जेवायची सगळ्यात शेवटी, टोपल्यात उरेल ते. 'आईच्या हातची भाकरी' म्हणून उमाळे काढणाऱ्या आपल्या पुरुष कार्यकर्त्यांनी हेही सांगावे, की आईने कधी कुणाच्या हातची भाकरी खाल्ली?

'अहो, खाण्यातही जात कशाला आणता?' हा प्रश्न येणारच. जात आम्ही आणलेली नाही, ती ताटात आधीपासून वाढलेली आहे. आणि हा केवळ आठवणींचा प्रश्न असता तर आम्ही एवढी शाई खर्च केली नसती. ज्याच्या आठवणीला संस्कृती म्हटले जाते, त्याचेच ताट सरकारी नियमात उतरते. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, अर्थसंकल्पात ज्वारी-बाजरीला 'श्री अन्न' नाव मिळाले. जी भाकरी खातो म्हणून आमच्या बापाला अडाणी म्हटले गेले, ती आता शहरी हॉटेलात थाळीत मिरवते. आणि गावात ज्वारी इतकी महाग झाली की मजुराच्या घरी रेशनच्या गव्हाची चपाती आणि तांदूळ.

त्याहून जवळचे उदाहरण अंड्याचे. नोव्हेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले. न खाणाऱ्याला केळे मिळणार होते, म्हणजे सक्ती कुणावरच नव्हती. तरीही काहींच्या भावना दुखावल्या. जानेवारी 2025 मध्ये अंड्यासाठीचा सरकारी निधी बंद झाला. द्यायचेच असेल तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या वस्तीतल्या पोरांना त्या अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथल्या लोकांनी लोकसहभाग कुठून आणायचा? पुन्हा दारोदार जाऊन? हक्काचे अन्न दात्याच्या मर्जीवर सोडणे, ही येसकराच्या झोळीचीच नवी आवृत्ती आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. सुस्कारे सोडण्यापेक्षा हिशेब मांडा. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीजवळ बसा, न्याहारीला काय होते ते विचारा आणि लिहून काढा. पण नुसती कृती लिहू नका. धान्य कुठून आले, दळले कुणी, कोण आधी जेवले, कोण उपाशी झोपले, आणि घरातल्या कुणी पहिल्यांदा 'आता भाकर मागायची नाही' म्हटले, तेही लिहा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. तिथे अंड्याचा ठराव मांडा, ग्रामसभेत मांडा, वसतिगृहाच्या मेसमध्ये मांडा. पोरांचे अंडे लोकवर्गणीतून नको, सरकारी तिजोरीतून हवे, असे ठणकावून सांगा.

आणि स्टेटस ठेवायचेच असेल तर आपल्या चुलीवरच्या शिळ्या भाकरीचे ठेवा. सोबत तिची गोष्ट लिहा.

जय भीम!