क्षणभंगुर स्फोट, अखंड पहारा
सोव्हिएत रशियाच्या चोरट्या अणुचाचण्या पकडण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या वेला उपग्रहांना २ जुलै १९६७ रोजी गवसला तो अंतराळातील गॅमा किरणांचा स्फोट. संशयापोटी असेही ज्ञान जन्मते! महाकाय तारा कोसळताना किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना होणारे हे स्फोट काही सेकंदांत, फार तर मिनिटांत विझतात. ते टिपायचे तर आकाशावर अखंड पहारा हवा. पाच वर्षांच्या कार्यकाळासाठी २०१५ मध्ये झेपावलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटने २०२२ पर्यंत असे पाचशे स्फोट नोंदविले. त्या उपकरणामागे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आयुका आदींचे परिश्रम आहेत. मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने आखलेली ‘दक्ष’ ही जुळ्या उपग्रहांची योजना हाच पहारा पुढे चालविणारी आहे. तिला निधी देताना शासनाने हात आखडता घेऊ नये.