थेंबातील साक्ष

गेल्या वर्षी दिवाळीत आमचे ज्येष्ठ बंधू बालाघाटला आमच्या घरी आले होते. ओटीवर चढताना ते उजवीकडील खांबावर आदळले आणि हसून म्हणाले, "मोतीबिंदू पिकतो आहे, पिकला की काढून घेऊ." आम्हीही ते खरे मानले. आठ महिन्यांनी नागपूरला तपासणी झाली, तेव्हा तो मोतीबिंदू नसून काचबिंदू असल्याचे कळले. उजव्या डोळ्याची दृष्टी तोवर जवळजवळ गेलेली होती. मोतीबिंदूने झाकलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. उभा जन्म मराठी शिकविण्यात गेला, पण या दोन शब्दांतील अंतर आम्हांस इतक्या उशिरा उमगावे, याची खंत वाटते.

डोळ्याच्या पुढील भागात एक निर्मळ रस सतत पाझरतो आणि बारीक जाळीतून निघून जातो. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि सुमारे दहा-बारा लाख तंतूंची दृष्टीची नाडी झिजू लागते. झीज बहुधा दृष्टीच्या कडेकडून होते. वाचन चालू असते, म्हणून रोग्याला पत्ता लागत नाही. शिवाय १० ते २१ हा दाब सर्वसाधारण मानला जात असला, तरी तेवढ्या दाबातही काहींना हा रोग होतो.

म्हणून संशोधक आता डोळ्यातील रसात व रक्तात प्रथिनांची साक्ष शोधीत आहेत. १९९७ साली मायोसिलिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषाचा काचबिंदूशी संबंध उघड झाला. अनेक रुग्णांच्या नेत्ररसात टीजीएफ-बीटा-२ अधिक आढळते. ते जाळी निबर करते. तुटणाऱ्या मज्जातंतूंतून न्यूरोफिलामेंट लाइट नावाचे प्रथिन बाहेर पडते. तेही नेत्ररसात वाढलेले दिसले आहे.

मात्र हा रस जेमतेम पाव मिलिलिटर. तो सुईने काढावा लागतो, म्हणून बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळीच मिळतो. रक्त सहज मिळते. पण एवढ्याशा डोळ्याची साक्ष सर्वांगाच्या रक्तात विरून जाते आणि न्यूरोफिलामेंट तर वयाने व इतर मज्जाविकारांनीही वाढते. त्यामुळे आज निदान होते ते दाब, नाडीचे मुख आणि दृष्टीचे क्षेत्र तपासूनच.

ही तपासणी खेड्यापर्यंत नेता येते. २००६ साली सुरू झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'त नागपूर परिसरातील आठ गावांतल्या, तीस वर्षांवरील ४७११ ग्रामस्थांचे डोळे तपासले गेले. वैनगंगेकाठच्या आम्हां मंडळींना ती गावे काही परकी नव्हेत.

सख्ख्या भावंडांना या रोगाचा धोका अधिक असतो. डॉक्टरांनी तसे सांगताच दादांनी तिथूनच दूरध्वनी केला : "माझे राहू दे, आधी तू डोळे दाखव." आम्ही गेलो. नाडी तूर्त निरोगी आहे. दरवर्षी यावे, असे सांगण्यात आले. दादांचा डावा डोळा थेंबांवर टिकून आहे. रात्री आठ वाजता वहिनी बाटली घेऊन येतात आणि दादा मुकाट्याने मान वर करतात.

वाचकहो, घरातील वडीलधारे "पिकू दे" म्हणाले, तर त्यांचे ऐकू नका. काय पिकते आहे, ते आधी पाहून घ्या.