पहिल्या ठेक्याची अवहेलना

रॉक संगीतातील ड्रमवादन शिकण्याविषयी दोन समजुती आपल्याकडे सुखाने नांदत आहेत. पहिली सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरांतली : हा नुसता धडधडाट, त्यात शिकण्यासारखे ते काय? दुसरी शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या गोटातली : सोपे ठेके आधी उरकावेत, मग अवघड, मग अतिअवघड, हातपाय पुरेसे वेगाने आणि गुंतागुंतीने चालू लागले की विद्यार्थी 'प्रगत' झाला. वरवर पाहता या समजुती परस्परविरोधी आहेत. आमच्या मते मात्र ही एकाच अज्ञानाची जुळी अपत्ये होत. साधा ठेका ही क्षुल्लक गोष्ट आहे, याविषयी दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत आहे.

हा साधा ठेका म्हणजे काय, ते आधी पाहू. चार मात्रांचे आवर्तन. उजवा हात हाय-हॅट नावाच्या झांजजोडीवर मात्रेला दोन याप्रमाणे आठ समान आघात करतो. उजवा पाय पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला बेस ड्रम वाजवतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर पडतो. डावा पाय झांजा मिटून धरतो. बुद्धीला हे कळायला पाच मिनिटे पुरतात, आणि फसगत सुरू होते ती तिथेच. कळणे, वाजवता येणे, आणि न धावता, न रेंगाळता, प्रत्येक आघाताचे वजन सांभाळत गाणे संपेपर्यंत वाजवत राहणे, या तीन निरनिराळ्या इयत्ता आहेत. तबल्याच्या संदर्भात ही गोष्ट आपल्या रसिकांना सांगावी लागत नाही. विलंबित लयीत ठेका धरून बसणाऱ्या तबलजीला 'ठेका सुरेख आहे' अशी दाद देणारा श्रोता ड्रमसमोर आला की तीच जाण घरी का ठेवून येतो, हे आम्हांस कोडे आहे.

दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरचा हा आघात आकाशातून पडलेला नाही. त्यामागे आफ्रिकी-अमेरिकी संगीताची दीर्घ परंपरा आहे. न्यू ऑर्लिन्सच्या अर्ल पामरने फॅट्स डॉमिनोच्या 'द फॅट मॅन' या १९४९ सालच्या ध्वनिमुद्रणात तो गाणेभर चालवला, ही त्या परंपरेतली एक महत्त्वाची खूण मानली जाते. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स (१९४१-२०२१) जॅझमधून आलेला. स्नेअरवर आघात करताना तो हाय-हॅटवरचा हात उचलून घेई. म्हणजे आठांपैकी दोन आघात गाळून टाकी. ठेका तोच, पहिल्या धड्यातला. पण त्या दोन मौनांमुळे स्नेअरभोवती मोकळी जागा निर्माण होते आणि वादक ओळखू येतो. लेड झेपेलिनच्या 'काश्मीर'मध्ये (१९७५) गिटारची धून तिनाच्या गटांनी फिरते आणि जॉन बॉनम चाराच्या गटांनी जवळजवळ अगदी प्राथमिक ठेका वाजवत राहतो. दोघांची भेट बारांवर. त्या गाण्याचे सारे गांभीर्य बॉनमच्या न हलण्यात आहे. त्याला 'प्रगत' होण्याची घाई असती, तर ते गाणे कोसळले असते.

प्रगत ठेक्यांना आमचा विरोध आहे, असा अर्थ कोणी काढू नये. टोटो बँडच्या 'रोझॅना'मध्ये (१९८२) जेफ पोर्कारोचा डावा हात मुख्य आघातांच्या मधल्या फटींत जेमतेम ऐकू येणारे आघात पेरत जातो. त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. ते साधायला वर्षे लागतात. पण त्या अस्फुट आघातांना अर्थ येतो तो मुख्य आघात ठाम असल्यामुळे. पहिल्या इयत्तेतला आघात ज्याच्या हातून डळमळतो, त्याच्या घोस्ट नोट्स हा निव्वळ खडखडाट होय.

यावर असा आक्षेप येईल की पायऱ्यांवाचून अध्यापनच अशक्य आहे. ट्रिनिटी काय किंवा रॉकस्कूल काय, त्यांच्या परीक्षांत प्रवेशपातळीनंतर आठ श्रेणी असतात. त्यामुळे विद्यार्थ्याला शिस्त लागते आणि पालकांना प्रगती दिसते. आक्षेप रास्त आहे. पायऱ्या असाव्यातच. आमची हरकत आहे ती चढलेली पायरी मागे पडली असे समजण्याला. रश या कॅनडाच्या बँडचा नील पर्ट (१९५२-२०२०) हा अवघड वादनाचा जवळजवळ पर्यायशब्द होता. कीर्तीच्या शिखरावर असताना, १९९०च्या दशकात, तो फ्रेडी ग्रूबर या शिक्षकाकडे गेला आणि कांडी धरण्यापासून नव्याने शिकला. आठवी श्रेणी पार केलेल्या आपल्या किती विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या किती शिक्षकांना, हे सुचेल?

साहित्याच्या अध्यापकांनी या भानगडीत का पडावे, असे विचारले जाईल. कारण आपल्या वर्गांतही हेच चालले आहे. माधव जूलियनांनी 'छंदोरचना' ज्या कानाच्या भरवशावर उभी केली, तो कान आपण अभ्यासक्रमातून हद्दपार केला आणि गण पाडण्याचा प्रश्न तेवढा शिल्लक ठेवला. विद्यार्थी लघुगुरूच्या खुणा बिनचूक करतो, वृत्ताचे नाव लिहितो, गुण मिळवतो. तीच ओळ मोठ्याने वाच म्हटले की यतीपाशी अडखळतो. पुढच्या सत्रात त्याला संरचनावाद, त्यापुढच्या सत्रात उत्तरसंरचनावाद. कविता वाचणे ही 'प्रारंभिक' गोष्ट उरकली गेली आहे, असे आपण गृहीत धरतो. मग त्याच्या प्रबंधात सिद्धान्त घोस्ट नोट्ससारखे सर्वत्र पसरलेले असतात. ठाम आघात मात्र एकही नसतो. दोष त्याचा नाही. पहिला ठेका पुन्हा वाजवायला आपण त्याला कधी बसवलेच नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ड्रम शिकवणाऱ्यांनी शेवटच्या श्रेणीच्या परीक्षेतही पहिला ठेका मंद लयीत, मेट्रोनोमशिवाय, पाच मिनिटे वाजवून घ्यावा आणि त्याला अवघड रचनेइतकेच गुण द्यावेत. आणि आपण, मराठीच्या अध्यापकांनी, एम.ए.च्या तोंडी परीक्षेत सिद्धान्ताचा पहिला प्रश्न विचारण्याआधी विद्यार्थ्यापुढे एक कविता ठेवावी आणि ती मोठ्याने वाचायला सांगावी. अर्थात, हे सांगण्यापूर्वी ती आपल्यालाही वाचून दाखवता आली पाहिजे.