नागूरचा मनोरा आणि याकूब हसन



तंजावर म्हटले की मराठी माणसाला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. जुन्या तंजावर जिल्ह्यातला नागूरचा दर्गा सहसा आठवत नाही. तिथला सर्वांत उंच, १३१ फुटांचा मनोरा तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह (१७३९–१७६३) यांनी बांधून दिला. दर्ग्याच्या कंदुरीला आजही सर्व धर्मांचे लोक जातात.

ज्या मद्रास इलाख्यात हा जिल्हा मोडत असे, तिथेच नागपुरात जन्मलेल्या याकूब हसन (१८७५–१९४०) यांनी राजकारण केले. फेब्रुवारी १९२१ मध्ये खिलाफत-असहकाराच्या सभेसाठी ते कालिकतला गेले. मोपले भडकतील असे कारण दाखवून सरकारने भाषणबंदी केली. याकूब हसन, माधवन नायर, गोपाल मेनन आणि मोईदीन कोया यांनी जामीन देण्यास साफ नकार दिला व सहा-सहा महिन्यांची कैद पत्करली. दोन हिंदू, दोन मुसलमान! गोऱ्या सरकारला धास्ती होती ती याच जोडीची.

ऑगस्टमध्ये मलबारात उठाव झाला. त्याला धार्मिक अत्याचारांचे गालबोट लागले, लष्करी कायदा आला आणि एकीला तडा गेला. तरीही १९३७ साली याकूब हसन राजगोपालाचारींच्या काँग्रेस मंत्रिमंडळात बांधकाम मंत्री झाले.

यातून आपण काय घ्यावे? व्यासपीठावरची एकी एका अफवेने मोडू शकते. रोजच्या भाकरीशी बांधलेली एकी अधिक टिकते. जुलै १९२८ मध्ये साउथ इंडियन रेल्वेचे कामगार कपातीविरुद्ध संपावर गेले. त्यात तंजावर जिल्ह्यातल्या नागपट्टणम वर्कशॉपचे कामगारही होते. संप चिरडला गेला, सिंगारवेलूंसारखे नेते तुरुंगात गेले. पण कपातीच्या नोटिशीने कुणाची जात वा धर्म विचारला नव्हता, हे कामगारांना कळले होते.

आजही कंत्राटीकरण आणि रिकाम्या जागा गँगमनला आणि पोस्टमनला सारख्याच भोवतात. म्हणून शहरात तणाव वाढला की प्रत्येक शाखेने त्याच दिवशी गेट मीटिंग घ्यावी, अफवेची शहानिशा करावी आणि कॉलनीतल्या प्रत्येक घरी हिंदू-मुस्लिम साथींनी मिळून जावे. एकीचे भाषण कुणीही करील. दार ठोठवायचे काम युनियनचे आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!